क्लचचं पेडल खाली बसतंय: दोष कुठे शोधायचा आणि एअर कशी काढायची

इंजिन बंद असताना सगळे गिअर अलगद पडतात. इंजिन चालू केलं की मात्र पहिला टाकताना दांडा अडतो आणि रिव्हर्सला तर सरळ खर्रर्र. असं होत असेल तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. पेडल तळापर्यंत दाबूनही इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांना थोडे धरूनच आहेत. हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबाने चालणाऱ्या क्लचच्या गाडीत याचं नेहमीचं कारण म्हणजे लाइनमध्ये शिरलेली एअर, आणि गॅरेजमधलं नेहमीचं उत्तर म्हणजे ‘एअर काढून देतो’. पंधरा दिवस बरे जातात, मग गाडी पुन्हा त्याच दारात.

म्हणून या लेखाचा अर्धा भाग एअर काढण्याच्या आधीच्या तपासणीवर आहे. बंद लाइनमध्ये एअर आपोआप तयार होत नाही, ती कुठून तरी आत येते. ती जागा न शोधता ब्लीडिंग करणं, म्हणजे नुसती एअर काढणं, हे पंक्चर न काढता टायरमध्ये हवा भरत राहण्यासारखं.

आत काय चालतं

आधी आपल्या गाडीला हायड्रॉलिक क्लच आहे का ते बघा. मारुती ८००, अल्टो, वॅगनआर यांना केबल आहे. तिथे एअरचा प्रश्नच नाही, केबल ताणली किंवा तुटायला आली एवढंच. स्कॉर्पिओ, इनोव्हा अशा गाड्यांत हायड्रॉलिक. बॉनेट उघडून पेडलच्या रेषेत इंजिनच्या मागच्या पत्र्याकडे बघितलं की मास्टर सिलिंडर आणि त्यातून निघालेला बारीक पाइप दिसतो. ऑइलची टाकी कधी स्वतंत्र असते, कधी ब्रेकच्याच टाकीतून एक रबरी नळी क्लचला आलेली असते.

पेडल दाबलं की पुशरॉड मास्टरचा पिस्टन पुढे ढकलतो. पिस्टनवरचा रबरी कप टाकीकडच्या बारीक छिद्राच्या पुढे गेला की ऑइल कोंडलं जातं आणि पाइपमधून खाली स्लेव्ह सिलिंडरकडे निघतं. स्लेव्हचा पिस्टन फोर्क नावाच्या तरफेला ढकलतो, फोर्क रिलीज बेअरिंगला आणि बेअरिंग प्रेशर प्लेटच्या (क्लच प्लेटला इंजिनच्या फ्लायव्हील या जड चाकावर दाबून धरणाऱ्या भागाच्या) स्प्रिंगला. पेडल सोडलं की तीच स्प्रिंग सगळं उलट दिशेने परत पाठवते. गॅरेजच्या बोलीत मास्टर म्हणजे ‘अपर’ आणि स्लेव्ह म्हणजे ‘लोअर’. स्पेअरच्या दुकानात किट मागतानाही हेच शब्द चालतात.

काही गाड्यांत फोर्क नसतोच. तिथे स्लेव्ह गोल कड्याच्या आकाराचा असतो, गिअरबॉक्सच्या शाफ्टभोवती आतच बसवलेला, आणि बेअरिंग त्याच्याच तोंडावर. फोर्ड इकोस्पोर्ट आणि रेनो डस्टर ही आपल्या रस्त्यांवरची उदाहरणं. हा लोअर गळायला लागला तर गिअरबॉक्स उतरवण्यावाचून गत्यंतर नाही. त्यामुळे अशा गाडीत निदान चुकलं तर फार महागात पडतं.

थोडीशी एअर एवढा गोंधळ कसा घालते हे आकड्यांत बघा. समजा मास्टरचा बोअर (आतला व्यास) ५/८ इंच, म्हणजे १५.८७ मिलिमीटर आहे आणि स्लेव्हचा १३/१६ इंच, म्हणजे २०.६४ मिलिमीटर. स्लेव्हच्या पिस्टनचं क्षेत्रफळ ३.३ चौरस सेंटिमीटरच्या आसपास येतं. लाइनमध्ये फक्त १ सीसी हवा असली, चहाच्या चमच्याच्या पाचव्या हिश्शाएवढी, तर दाब येताच ती जवळपास शून्यावर चेपली जाते आणि तेवढं ऑइल स्लेव्हपर्यंत पोचतच नाही. स्लेव्ह ३ मिलिमीटर कमी सरकतो. क्लच सुटायला लागणारी एकूण हालचालच बहुतेक गाड्यांत १२ ते १५ मिलिमीटरच्या घरात असते, त्यातले ३ गेले तर रिव्हर्स ओरडणारच.

लक्षणांवरून अंदाज

पेडल मऊ लागतं, पण चार-पाच वेळा भराभर पंप केलं की वर येतं आणि गिअर पडतो, तर लाइनमध्ये एअर आहे. याला फारसा अपवाद नाही.

याच्यापेक्षा फसवा प्रकार दुसरा. पेडल दाबल्यावर सगळं ठीक असतं, पण सिग्नलला पहिल्या गिअरमध्ये पेडल दाबून धरलं की दहा-वीस सेकंदांत गाडी पुढे सरकायला लागते. हा मास्टरचा कप आहे. ऑइल बाहेर गळत नाही, कपाच्या कडेने आतल्या आत मागे जातं. टाकीतली पातळी तशीच राहते, म्हणून ‘लिकेज कुठे नाही’ असं सांगून मेकॅनिक क्लच प्लेटवर संशय घेतो. अशा गाडीचं कितीही वेळा ब्लीडिंग केलं तरी उपयोग नाही.

पेडल तळाला जाऊन तिथेच राहिलं आणि पायाच्या पंज्याने वर ओढावं लागलं तर बरीच एअर आहे, किंवा ऑइल संपलंय, किंवा लोअरकडे जाणारा रबरी होज (लवचिक नळी) आतून सुजून बंद झालाय. होजचा दोष ओळखायचा तर वेग बघा: पेडल दाबताना जोर लागतो आणि सोडल्यावर ते आळसावून वर येतं.

पेडल जड झालंय, एवढीच तक्रार असेल तर हायड्रॉलिककडे शेवटी बघा. झिजलेली प्लेट, थकलेली प्रेशर प्लेट, कोरडा पडलेला फोर्कचा टेकू ही कारणं आधीची. इंजिनचा आवाज वाढतो पण चढावर गाडी ओढत नाही, तेव्हाही बहुतेक वेळा प्लेटच संपलेली असते. एक अपवाद लक्षात ठेवा. पुशरॉडला जराही मोकळीक नसेल तर मास्टरचा पिस्टन पूर्ण मागे येत नाही, टाकीकडचं बारीक छिद्र झाकलेलंच राहतं आणि गरम होऊन फुगलेलं ऑइल लाइनमध्ये कोंडतं. म्हणजे कोणी पाय न ठेवताच क्लच अर्धवट दाबलेला. गाडी थंड असताना नीट चालते, तासाभराने स्लिप मारते. ती स्लिप मारत असतानाच लोअरचं निपल (एअर काढण्यासाठीचा पोकळ स्क्रू) अर्धा आटा सैल करा. ऑइल जोरात उडालं आणि क्लच लगेच धरला, तर प्लेट बदलण्याचा खर्च वाचला.

पावसाळ्यातला एक प्रकारही सांगायला हवा, कारण कोकणात दोन-तीन महिने उभ्या राहिलेल्या गाड्यांत तो हमखास दिसतो. पेडल घट्ट, ऑइल भरपूर, लोअर पूर्ण सरकतो, तरी क्लच सुटत नाही. प्लेट गंजाने फ्लायव्हीलला चिकटलेली असते. इथे एअर काढत बसणं व्यर्थ आहे.

ब्लीडिंगच्या आधीची तपासणी

टाकीपासून सुरुवात करा. पातळी किती, रंग कसा? नवीन ऑइल फिकट पिवळसर आणि पारदर्शक असतं. काळं ऑइल म्हणजे रबराचा भुगा आणि वर्षानुवर्षांचा ओलावा. ब्रेकचं ऑइल सर्व्हिसिंगमध्ये कधीतरी बदललं जातं, क्लचच्या लाइनकडे मात्र कोणी बघत नाही. ती लाइन एका टोकाला बंद, त्यामुळे तळाचं ऑइल फिरत नाही आणि सगळा गाळ लोअरमध्ये साठतो.

टाकी ब्रेक आणि क्लचची एकच असेल तर क्लचची नळी बहुतेक गाड्यांत थोडी वरच्या बाजूने निघते. क्लच गळला तरी ब्रेकसाठी ऑइल उरावं म्हणून ही सोय. त्यामुळे पातळी थोडी कमी होऊन एका जागी थांबलेली दिसली आणि क्लच गेला, तर कोडं तिथेच सुटतं.

आता ड्रायव्हरच्या पायाशी उकिडवे बसा आणि मोबाइलचा टॉर्च मारा. पेडलच्या वर पुशरॉड जिथे पत्र्यातून पलीकडे जातो, तिथे बोट फिरवा. बोट ओलं लागलं, पेडलच्या दांड्यावरचा रंग फुगून सुटलेला दिसला किंवा खालचं मॅटिंग चिकट झालं असेल, तर अपर मागच्या बाजूने गळतोय.

मग खाली. लोअर बाहेर असेल तर त्याच्या तोंडावरचा रबरी बूट हलक्या हाताने उलटा करा. आत थोडी धूळ असणं ठीक. ओळखीच्या एका टुरिस्ट गाडीचा बूट असा सोलला तेव्हा आतून काजळीसारखं काळं पाणी कोपरापर्यंत ओघळलं होतं. त्या गाडीची दोन महिन्यांत तीनदा एअर काढून झाली होती, पण बूट उलटून बघायला एक मिनिट कोणी दिलं नव्हतं. बाहेरून लोअर अगदी कोरडा दिसतो, कारण गळलेलं ऑइल बूट आतच धरून ठेवतो.

आतल्या लोअरच्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडाखाली बघा. तिथे ठिपका असेल तर बोटावर घेऊन तपासा. इंजिन ऑइल बोटांत घट्ट, बुळबुळीत लागतं आणि पाण्याने धुतलं जात नाही. ब्रेक ऑइल पातळ असतं आणि साध्या पाण्याने निघून जातं. चाखून बघायचा आचरटपणा करू नका, ते विषारी आहे.

गळती दिसली नाही तर दोन चाचण्या करा. पहिली मोजपट्टीची: कोणाला तरी पेडल पूर्ण दाबायला सांगा आणि लोअरचा दांडा किती मिलिमीटर सरकतो ते मोजा. मॅन्युअलमधलं माप मिळालं तर उत्तम, नाहीतर १२ मिलिमीटरच्या बरंच खाली असेल तर हायड्रॉलिकमध्ये दोष समजा. हालचाल पूर्ण असून क्लच सुटत नसेल तर दोष पलीकडे, प्लेट-प्रेशर प्लेट-फोर्कमध्ये आहे. पाने ठेवून द्या.

दुसरी चाचणी होजच्या चिमट्याची, आणि ती मला सगळ्यात आवडते, कारण ती अर्ध्या मिनिटात अपर आणि लोअरचं भांडण मिटवते. लोअरकडे जाणारा रबरी होज गोल जबड्याच्या क्लॅम्पने दाबून बंद करा आणि पेडल दाबा. पेडल वरच दगडासारखं अडलं तर अपर चांगला आहे, दोष क्लॅम्पच्या खाली. तरीही पेडल खाली गेलं तर अपर खराब, किंवा एअर वरच्या भागात. साध्या पक्कडीने होज चिरडू नका. त्याला आधीच भेगा असतील तर चाचणी सोडा आणि होजच बदला. प्लास्टिकच्या किंवा लोखंडी पाइपवर ही चाचणी करता येत नाही.

अपर किंवा लोअर उघडल्यावर आतली भिंत बोटाच्या नखाने तपासा. नख अडेल इतका खड्डा किंवा गंज असेल तर फक्त रबरांचं किट टाकून भागत नाही, नवे कप काही महिन्यांत फाटतात. पूर्ण सिलिंडरच घ्या. जुन्या गाडीत एक गेला की दुसराही त्याच वयाचा असतो हे ध्यानात ठेवून दोन्ही एकदम बदलणं मला पटतं, विशेषतः गाडी रोज घाट चढत असेल तर.

कुठलं ऑइल

क्लचच्या लाइनमध्ये ब्रेकचंच ऑइल असतं. त्याचा दर्जा टाकीच्या झाकणावर लिहिलेला असतो, बहुतेक वेळा डॉट ३ किंवा डॉट ४. डॉट ४ चा उकळबिंदू नवा असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो, ओलावा शोषल्यावर १५५. डॉट ३ चे हेच आकडे २०५ आणि १४०. दोन्ही ग्लायकोल जातीचे, म्हणून डॉट ३ च्या गाडीत डॉट ४ चालतं. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, ते यांच्यात मिसळायचं नाही. डॉट ५.१ हे नाव त्याच्यासारखं वाटलं तरी ते पुन्हा ग्लायकोलच आहे.

इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑइल एक थेंबही टाकू नका. ब्रेक-क्लचची रबरं खनिज तेलाने फुगतात, आणि टाकी एकच असेल तर मास्टरपासून चारही चाकांपर्यंतची सगळी रबरं बदलायची वेळ येते. ‘थोडं कमी होतं म्हणून जे होतं ते टाकलं’ हे वाक्य गॅरेजवाले आनंदाने ऐकतात.

हे ऑइल हवेतली वाफ शोषतं. सहा महिन्यांपूर्वी उघडलेला डबा घरात असेल तर तो वापरू नका. समुद्राकाठच्या गावात तर नाहीच. पाव लिटरचा सीलबंद डबा नुसत्या क्लचला पुरतो, पूर्ण ऑइल बदलायचं असेल तर अर्धा लिटर घ्या. दर दोन वर्षांनी बदललं तर अपर-लोअरचं आयुष्य वाढतं.

तयारी

निपलला बसणारा रिंग पाना, सहसा ८, १० किंवा ११ नंबरचा. फिक्स पान्याने सुरुवात करू नका, निपलचे कोपरे गोल होतात आणि मग खरी कहाणी सुरू होते. निपलवर घट्ट बसेल अशी हातभर पारदर्शक नळी, तळाला थोडं ऑइल घातलेली बाटली, मेडिकलमधून मोठी सिरिंज, चिंध्या, हातमोजे, चष्मा आणि बादलीभर पाणी. पाणी विसरू नका. हे ऑइल रंगावर सांडलं की रंग उचलून टाकतं. सांडल्या सांडल्या पाणी ओता, पुसत बसू नका.

गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढून, न्यूट्रलमध्ये, चाकांना ठोकळे लावून. खाली जायचं तर जॅकच्या भरवशावर नाही, घोड्या (गाडीला खालून आधार देणारे स्टँड) लावून. इंजिन बंद.

निपल गंजलेलं असेल तर आदल्या रात्री गंज सोडवणारं स्प्रे मारून ठेवा. जोर लावण्याआधी पान्यावर हलके टोले द्या आणि आधी घट्ट करायच्या दिशेला किंचित हलवून मग सोडवा. बारीक निपल मोडलं की लोअर गेला.

दोघांनी एअर काढण्याची पद्धत

आत कोण बसणार हे काम सुरू होण्याआधी ठरवा, आणि शब्दही ठरवा. ‘दाब’ म्हटलं की आतल्याने पेडल तळाला नेऊन ‘दाबलं’ असं म्हणायचं आणि ‘सोड’ ऐकेपर्यंत पाय हलवायचा नाही. हे पोरखेळ वाटतं, पण निम्म्या वेळा एअर परत आत जाते ती निपल उघडं असताना आतल्याने कंटाळून पाय उचलल्यामुळे.

१. टाकीचं तोंड पुसून झाकण काढा. सिरिंजने जुनं ऑइल ओढून घ्या, पण तळ उघडा पडेपर्यंत नाही. नवं ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरा.

२. निपलवरचं रबरी टोपण काढा, नळी चढवा, दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवा.

३. पेडल सावकाश दाबून धरायला सांगा. भराभर पंप करू नका. त्याने मोठा बुडबुडा फुटून फेस होतो आणि फेस बाहेर काढणं दुप्पट कठीण.

४. ‘दाबलं’ ऐकल्यावर निपल पाव ते अर्धा आटा उघडा. ऑइल आणि बुडबुडे नळीत येतील. ओघ थांबायच्या आत निपल बंद करा.

५. आता ‘सोड’. पेडल स्वतः वर येत नसेल तर हाताने वर ओढा. दोन-तीन सेकंद थांबा, मास्टरला टाकीतून ऑइल घ्यायला वेळ लागतो.

६. दर चार-पाच फेऱ्यांनी टाकी बघा. ती एकदा रिकामी झाली की पुन्हा पहिल्यापासून.

नळीकडे लक्ष ठेवा, तिथे सगळं दिसतं. आधी काळपट ऑइल, मग पांढुरका फेस, मग अचानक एक लांबलचक मोकळी जागा, तीच मोठी एअर. त्यानंतर काही फेऱ्या ऑइल स्वच्छ येतं आणि वाटतं झालं. इथे थांबू नका. नवा फिकट रंग दिसू लागल्यावरही आठ-दहा फेऱ्या घ्या. बुडबुडे कधीच संपत नसतील तर एअर निपलच्या आट्यांमधून नळीत येत असेल, किंवा वरून कुठून तरी लाइनमध्ये. निपल किंचित कमी उघडून बघा. तरी येत असतील तर तपासणीचा भाग पुन्हा वाचा.

एकट्याने करायचं असेल तर

लोअर बाहेर असणाऱ्या गाडीत मी आधी वेगळाच उपाय करतो, तोही निपल न उघडता. टाकीतलं थोडं ऑइल काढून जागा करा. लोअरचे दोन बोल्ट काढा, पाइप जोडलेलाच ठेवा. लोअर असा धरा की पाइपचं तोंड सगळ्यात वर येईल, आणि दांडा अंगठ्याने सावकाश आत ढकला. आतलं ऑइल एअरला सोबत घेऊन टाकीकडे जातं आणि टाकीत बुडबुडे फुटताना दिसतात. दांडा हळू बाहेर येऊ द्या, पुन्हा ढकला. बुडबुडे थांबले की लोअर जागेवर बसवा. या काळात पेडलला कोणाचाही पाय लागता कामा नये, नाहीतर पिस्टन बाहेर येऊन ऑइलसकट अंगावर.

दुसरा मार्ग उलट भरण्याचा. सिरिंजमध्ये नवं ऑइल भरून नळीतली हवा आधी काढा, ती निपलला जोडा, निपल उघडा आणि ऑइल खालून वर सावकाश ढकला. हवेला वरच जायचं असतं, म्हणून हे लवकर जमतं. पण लोअरमध्ये गाळ असेल तर तो मास्टरमध्ये आणि टाकी एकच असेल तर ब्रेकच्या ऑइलमध्ये जातो. आधी जुनं ऑइल खालून काढून टाकल्याशिवाय हे करू नका. टाकी उतू जाते, त्यावरही डोळा ठेवा.

ज्याला घाई नाही त्याने निपल उघडून नळी बाटलीत सोडावी आणि टाकी भरत राहावं. अर्ध्या तासात थेंब-थेंब करत बरीच एअर निघते. हाताच्या व्हॅक्युम पंपानेही काम होतं, फक्त आट्यांतून ओढले जाणारे खोटे बुडबुडे बघून घाबरू नका.

आतल्या लोअरच्या गाड्या

यांचं निपल गिअरबॉक्सच्या बाहेर आलेल्या पाइपच्या टोकाला असतं. काही गाड्यांत निपलच नसतं. पाइपच्या जोडावर तारेची क्लिप असते, ती एक टप्पा ओढून पाइप थोडा बाहेर सरकवला की तिथून ऑइल यायला लागतं. पाइप पूर्ण उपटू नका. दोघांची पद्धत इथेही तीच.

नवा लोअर बसवल्यावर गिअरबॉक्स जागेवर पूर्ण बोल्ट होईपर्यंत पेडल अजिबात दाबायचं नाही. समोर टेकू नसताना तो मर्यादेबाहेर ताणला जातो आणि सील जातं. नव्या भागासाठी पुन्हा गिअरबॉक्स उतरवायची पाळी यायला एक पायसुद्धा पुरतो.

तरीही पेडल मऊच असेल

एअर बहुतेक वेळा अपरमध्ये अडकलेली असते. अपर काही गाड्यांत तिरका बसतो आणि त्याचं पुढचं टोक वर राहतं. बुडबुडा तिथे मुक्काम करतो. झाकण उघडं ठेवून पेडल हाताने फक्त वरच्या दोन-तीन सेंटिमीटरांत, छोटे-छोटे झटके देत वीस-पंचवीस वेळा हलवा. टाकीकडचं छिद्र उघडत-मिटत राहतं आणि बारीक बुडबुडे टाकीत वर येतात. जमलं नाही तर गाडीचा पुढचा किंवा मागचा भाग उचलून तिरकेपणा उलटा करा आणि हेच पुन्हा करा. नवा अपर लावणार असाल तर बसवण्याआधी शिकंज्यात धरून त्यात ऑइल भरा, पिस्टन हळूहळू दाबून एअर तिथेच काढा.

लोअर बदलला असेल तर तो उलटा तर नाही ना बसवला? निपल पाइपच्या तोंडाच्या वरच्या बाजूला हवं. खाली असेल तर एअर जन्मात निघणार नाही.

शेवटी पेडलची मोकळीक. हाताच्या बोटाने पेडल दाबा; खरा जोर लागण्याआधी ते थोडं सैल सरकायला हवं, साधारण ५ ते १५ मिलिमीटर. एकदम शून्य नको, आणि बोटभर तर नकोच. पुशरॉडवरचं नट सैल करून ते जुळवतात. बऱ्याच नव्या गाड्यांत ही सोय दिलेलीच नसते.

खात्री कशी करायची

निपल मनगटाच्या बेताच्या जोराने घट्ट करा, टोपण लावा, टाकी खुणेपर्यंत भरा, सगळीकडे पाणी मारून पुसा. इंजिन सुरू करा, पेडल पूर्ण दाबून चार-पाच सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. आवाज नको. मग मोकळ्या जागी पहिल्या गिअरमध्ये पेडल दाबून एक मिनिट धरा. गाडी सरकली नाही तर अपरही ठीक आहे. पातळीच्या जागी टाकीवर मार्करने रेघ मारा, तारीख लिहा आणि आठवड्याने बघा. रेघेखाली गेली असेल तर गळती अजून आहे.

वाटेत कसाऱ्याच्या घाटात पेडल एकदम खाली गेलं तर आधी गाडी बाजूला घ्या आणि हजार्ड लाइट लावा. टाकीत ऑइल असेल तर भराभर पंप करून एखादा गिअर पडतो, तेवढ्यावर सपाटीपर्यंत जाता येतं. अजिबात पडत नसेल तर इंजिन बंद करून पहिला टाका, पेडल दाबून स्टार्टर मारा. गाडी झटका देऊन त्याच गिअरमध्ये निघते, म्हणून पुढे जागा मोकळी हवी. थांबायचं झालं की इंजिन बंद करण्यावाचून मार्ग नाही. वाहत्या ट्रॅफिकमध्ये हा प्रयोग करू नका, टोइंगवाल्याला फोन करा. टाकी रिकामी असेल आणि ती ब्रेकचीही असेल, तर ब्रेकचं पेडल आधी तपासा. तेही मऊ लागलं तर गाडी जागची हलवायची नाही.